मदत हवी आहे: माग सोडून हरणामागे सुटणारा बीगल

बंड्याचा मालक

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन बीगल आहेत. शेवंती सात वर्षांची, बंड्या वीस महिन्यांचा. शिकार आम्ही करत नाही. वासाचं तेल लावलेलं फडकं दोरीने ओढत नेऊन माग तयार करायचा आणि कुत्र्यांनी तो काढायचा, एवढाच खेळ.

शेवंती हरणाकडे ढुंकूनही बघत नाही. बंड्याचं मात्र काही खरं नाही. चांगला नाक खाली घालून चाललेला असतो, मध्येच डोकं वर करतो, शेपटी ताठ, मग हेल काढून ओरडणं आणि पसार! मागच्या आठवड्यात ४० मिनिटं सापडला नाही. जीपीएसचा गळपट्टा होता म्हणून मिळाला. ससा असता तर फिरून आपल्या जागेजवळ आला असता. नकाशावरची रेघ दीड किलोमीटर सरळ गेलेली, म्हणजे हरीणच.

शिट्टी, ओरडा, खाऊ, सगळं करून झालं. एकदा त्याने हेल काढून आवाज लावला की मी त्याच्या लेखी नसतोच. एका ओळखीच्यांनी विजेचा झटका देणारा गळपट्टा सुचवलाय. घेऊ का? आणि याच्या नादाने शेवंती बिघडेल का, हीसुद्धा धास्ती आहे.

रानवाट

झटक्याचा गळपट्टा घेऊ नका. मी वापरून बसलोय. माझा कुत्रा फाटकाजवळ गवत हुंगत होता, मला वाटलं हरणाचाच वास घेतोय, बटण दाबलं. त्यानंतर तो महिनाभर त्या फाटकातून जायला तयार नव्हता. हरणामागे धावणं जसंच्या तसं! त्याच्या नाकात त्या क्षणी काय आहे हे आपल्याला दिसत नाही, तिथेच सगळा घोळ. वेल्समध्ये २०१० पासून असल्या गळपट्ट्यांवर बंदी आहे, उगाच नाही.

जुनंखोड

बंड्याचं वागणं नवं नाही. नको त्या जनावरामागे जाण्याला हाउंडवाले (वासावर माग काढणारे शिकारी कुत्रे कळपाने पाळणारे) 'रायट' म्हणतात आणि जो जात नाही तो 'स्टेडी'. ब्रिटनमधल्या जुन्या पद्धतीत पिल्लं कळपात घेण्याआधी काही महिने शेतावरच्या घरांत वाढायला ठेवत. कोंबड्या, मेंढ्या पायात घुटमळत असल्या की त्यांचं अप्रूप राहत नाही. मग तरण्या कुत्र्याला जाणत्याच्या गळ्यात जोडून फिरवायचं. हाउंड आजही जोडीनेच मोजतात, 'साडेसतरा जोड्या' असे. पण जोडून फिरवण्याचा गुण उलटाही लागतो, त्यामुळे शेवंतीबद्दलची धास्ती रास्त आहे. तूर्त दोघांना एकत्र मोकळं सोडू नका.

आता मूळ गोष्ट. हरणाच्या खुरांच्या फटीत ग्रंथी असतात, पाऊल टाकेल तिथे वास उमटतो. तुमचं फडकं त्यापुढे फिकंच. शिवाय धावणं हेच त्याचं बक्षीस. हरीण हाती लागो न लागो, प्रत्येक पळापळीने सवय पक्की होते. आवाज लावल्यावर तुमची शिट्टी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जे काही करायचं ते डोकं वर करण्याच्या आणि तोंड उघडण्याच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत.

पण त्याआधी एक सांगा: तो नेमका कुठे सुटतो? मागाची रेघ आणि बंड्याची रेघ नकाशावर एकावर एक ठेवून बघा.

बंड्याचा मालक

बघितलं, आणि जरा ओशाळलो. ११ फेऱ्यांच्या नोंदी सापडल्या. त्यातल्या पाचांत तो सुटला आणि त्या पाचपैकी चार वेळा माझ्या मागाच्या काटकोनी वळणावर! वळणाच्या पुढे जातो, दोन-तीन गिरक्या घेतो आणि तिथून हरीण. मी समजत होतो की याला हरीण जास्त आवडतं. याचा तर माग हरवत होता.

जुनंखोड

तेच वाटलं होतं. हातचं गेलं की कुत्रा मिळेल ते धरतो. आता महिनाभर वळणं अगदी सौम्य ठेवा आणि वळणानंतर पाच-सात पावलांवर खाऊ पुरा. माग ओढल्यावर तासभर शिळा होऊ देत असाल तर पंधरा मिनिटांवर आणा. हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात, म्हणून सराव उन्हं वर आल्यावर. फक्त जमीन फार तापायच्या आत, नाहीतर मागाचा वासच उडतो.

१० ते १५ मीटर लांब दोर, तोही छातीच्या पट्ट्याला. गळ्याला बांधून कुत्रा धावला तर हिसका मानेला बसतो. हरणाचा वास लागला की तुम्ही फक्त थांबायचं. ओढायचं नाही, बोलायचं नाही, आणि 'नाही, नाही' तर मुळीच नाही. त्याला वाटतं तुम्हीही भुंकताय. नाक परत मागाकडे वळलं की लगेच चालू पडा. पुढे जायला मिळणं हेच त्याचं बक्षीस.

आणि मोकळं सोडणं बंद. एक पळापळ झाली की तीन आठवडे पाण्यात.

पायवाट

मोकळं न सोडण्याला आणखी एक कारण. लांबवर पिटाळलेलं हरीण कुत्र्याच्या तावडीतून सुटलं तरी वाचतंच असं नाही. अतिश्रमाने आणि भीतीने स्नायू आतून झिजतात आणि ते नंतर, कधी काही दिवसांनी, मरतं. पाडसांच्या दिवसांत तर दोर हातातून सोडूच नका.

बंड्याचा मालक

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय. गळपट्टा घेतला नाही. वळणं आता बरी जमतात. काटकोनावर अजून गडबडतो, पण गिरक्या घेऊन माग परत धरतो.

रविवारी साधारण साठ पावलांवर दोन हरणं आडवी गेली. बंड्याने डोकं वर केलं, शेपटी ताठ. मी थांबलो. दोर ताणला गेला, मग सैल पडला. तो उभाच. ती झाडीत शिरेपर्यंत बघत राहिला, घशात जरासा कुंईकुंई झाला, पण आवाज लावला नाही. मग नाक खाली! मी खाऊचा डबाच उघडायला विसरलो. बुधवारी मात्र ताज्या लेंड्या दिसल्या आणि त्याने मला चिखलात पाडलं.

पुढची शंका: दोर हातातून सोडून जमिनीवर घासत जाऊ द्यायचा टप्पा कधी गाठायचा? आमच्या वाटेवर झुडपं दाट आहेत, माझा सुती दोर प्रत्येक खोडाला अडकतो. न अडकणारा, ओला झाल्यावर जड न होणारा कोणता वापरता?