खानदेशावरचे उंच वारे ऋतूप्रमाणे दिशा का बदलतात?

प्रश्न :
रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. पौषात पिसांसारखे उंच ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसतात. श्रावणात मात्र खालचे काळे ढग पूर्वेकडे धावत असताना, त्यांच्या फटींतून दिसणारे वरचे पांढरे ढग उलट पश्चिमेकडे जात असतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या तापलेल्या जमिनीमुळेच वरचे वारे फिरतात का?

उत्तर १ :
भाऊ, आपले निरीक्षण अचूक आहे. कारण मात्र तापीच्या खोऱ्याबाहेर शोधावे लागते. इथल्या तापलेल्या जमिनीचा प्रभाव खालच्या काही किलोमीटरपुरताच राहतो. १२ ते १५ किलोमीटर उंचीवरचा वारा कसा वाहील, हे विषुववृत्तापासून तिबेटपर्यंतच्या हवेत कोणती बाजू अधिक उबदार आहे, यावर ठरते. उबदार हवा फुगते, म्हणून उंचावर तिच्या बाजूला दाब अधिक असतो; पण पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा थेट कमी दाबाकडे न जाता वळतो आणि उत्तर गोलार्धात अधिक दाब उजव्या हाताला ठेवून वाहतो. हिवाळ्यात दक्षिण बाजू उबदार असल्याने वारा पश्चिमेकडून येतो, आणि त्याचा सर्वांत वेगवान पट्टा, म्हणजे जेट प्रवाह, हिमालयाच्या दक्षिणेस उत्तर भारतावर असतो. सरासरी साडेचार हजार मीटरांहून उंच असलेले तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापते, त्यात मोसमी पावसाच्या ढगांतून सुटणाऱ्या उष्णतेची भर पडते, आणि उबदार बाजू उत्तरेकडे जाते. जूनच्या सुमारास पश्चिमी जेट हिमालयापलीकडे सरकतो व आपल्या डोक्यावर पूर्वेचे वारे येतात.

उत्तर २ :
वरील उत्तरात एक भर घालतो. पूर्वेकडच्या या जेट प्रवाहाचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली केले होते. त्याचा मुख्य पट्टा दक्षिण भारतावर असतो, खानदेश त्याच्या उत्तरेला येतो. श्रावणातले खालचे ढग मात्र अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यासोबत जातात, म्हणून दोन थर विरुद्ध दिशांना पळताना दिसतात.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचा याच्याशी संबंध आहे का? एका रात्रीत पानांच्या चिंध्या होतात, म्हणून विचारतो.

उत्तर १ :
होय. त्या काळात वर पश्चिमी वारे अजून जोरात असतात. खाली दमट हवा शिरली, तर उंचीनुसार वाढत जाणाऱ्या वाऱ्यामुळे ढग तिरका होतो, पाऊस वर चढणाऱ्या प्रवाहावर पडत नाही, ढग दीर्घकाळ टिकतो आणि गारांना वाढायला वेळ मिळतो. अशा दिवसांत हवामान खात्याचा इशारा रोज पाहावा.