छर्ऱ्याच्या बंदुकीची 'पॉवर' : शक्ती, ताकद की ऊर्जा?

प्रश्न

इंग्लंडमध्ये शेतातील सशांचा उपद्रव आवरण्यासाठी एअर रायफल वापरणाऱ्यांकरिता असलेली एक माहितीपुस्तिका मी मराठीत आणत आहे. 'पॉवर'साठी 'शक्ती', 'व्हेलॉसिटी'साठी 'वेग' आणि 'ह्यूमेन हंटिंग'साठी 'मानवी शिकार' असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का?

उत्तर

'मानवी शिकार' कृपया आधी खोडावे, कारण मराठी वाचक त्याचा अर्थ माणसाची शिकार असाच घेईल. 'माणुसकीची शिकार' म्हटले तर माणुसकीच मारली गेल्यासारखे वाटते. मूळ शब्दाचा आशय जनावर तडफडू न देता तत्काळ मारणे एवढाच असल्याने तो विशेषणात न कोंबता वाक्यातच सांगावा. त्यासाठी आपल्याकडे 'वर्मी लागणे' हा नेमका प्रयोग आहे. सशाचे वर्म म्हणजे डोळा आणि कान यांच्यामधली जेमतेम अडीच सेंटिमीटरची जागा. छर्रा तिथे लागला तर ससा जागीच कोसळतो, पोटात लागला तर तो जायबंदी होऊन बिळात शिरतो आणि तिथे तासन्‌तास तळमळतो. पुस्तिकेचा सगळा खटाटोप हे टाळण्यासाठी आहे, म्हणून या शब्दाबाबत मी आग्रही आहे.

'शक्ती' हा शब्दही इथे चुकतो. आपल्या शालेय पुस्तकांत शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, आणि बंदुकीच्या बाबतीत मोजली जाते ती छर्ऱ्याची गतिज ऊर्जा. इंग्रजीत बोलताना 'पॉवर' म्हणत असले, तरी तिथला कायदा नळीच्या तोंडाशी असलेल्या गतिज ऊर्जेचीच भाषा वापरतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याविना बाळगता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ जूल आहे. बोलताना 'ताकद' म्हणायला माझी हरकत नाही, पण आकडा जिथे येईल तिथे 'ऊर्जा'च हवी.

'वेग' मात्र ठेवावा. काटेकोर पाहिले तर दिशेचा विचार न करता मोजलेली ती 'चाल' आहे, परंतु बंदुकीच्या संदर्भात 'चाल' वाचताना अडखळायला होते. फक्त वेग म्हणजेच ताकद असा समज वाक्यरचनेतून होऊ देऊ नये. ४.५ मिमी व्यासाचा, सुमारे ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २३८ मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा साधारण १५.३ जूल भरते. ५.५ मिमीचा, सुमारे १.०४ ग्रॅमचा छर्रा १७४ मीटर वेगानेच सुटतो, तरी त्याची ऊर्जा १५.७ जूल होते. केवळ वेगाचे आकडे वाचणारा दुसऱ्याला दुबळा ठरवील. शिवाय हे आकडे नळीतून सुटतानाचे आहेत, सावजापर्यंत पोहोचेतो हवेच्या रोधाने वेग बराच घटतो, म्हणून 'नळीच्या तोंडाशी' हे शब्द भाषांतरात गाळू नयेत.

पुढील शंका

वेग जितका जास्त तितके चांगले, असे तरी म्हणता येईल ना? आणि 'पेलेट'ला 'छर्रा' म्हणावे की 'गोळी'?

उत्तर

तसे म्हणता येणार नाही. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरजवळ गेला की डळमळू लागतो आणि नेम बिघडतो. जाहिरातीतील मोठे आकडे अनेकदा हलक्या मिश्रधातूचे छर्रे वापरून काढलेले असतात, आणि नेम बिघडला की वर्म चुकते.

'गोळी' म्हटले की काडतुसाची गोळी डोळ्यांसमोर येते, त्यामुळे 'छर्रा'च बरा. अडचण एवढीच की बारा बोरच्या काडतुसातील बारीक शिशाच्या दाण्यांनाही आपण छर्रेच म्हणतो. तळहातावर घेऊन पाहिल्यास एअर रायफलचा छर्रा डमरूसारखा कमरेत बारीक आणि मागून पोकळ दिसतो, म्हणून पहिल्या उल्लेखात 'डमरूच्या आकाराचा छर्रा' असे लिहून पुढे नुसते 'छर्रा' लिहावे.

एक तळटीप मात्र जरूर जोडावी. आपल्याकडे २० जुलांपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिमीहून मोठ्या नळीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने रानससाही संरक्षित आहे.