मदत हवी आहे: मुलाच्या शाळेतला फुटबॉल कोच बदलला, आता शाळा बदलावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-मॅकिनीच्या पट्ट्यात राहतो. मुलगा दहावीत, म्हणजे इथल्या भाषेत सोफमोर. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळतो. या महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या हेड कोचनी राजीनामा दिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. इथे टेक्सासमधली बरीच मंडळी आहेत. ज्यांची मुलं यातून गेली असतील त्यांनी कृपया सांगा. लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

भारतातल्या वाचकांसाठी दोन ओळी. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, दोन्हीकडे अकरा-अकरा जण, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. टेक्सासात शुक्रवारची संध्याकाळ या खेळाची असते. आमच्या शेजारच्या ॲलन गावात शाळेचं स्टेडियम १८,००० आसनांचं आहे, २०१२ साली सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेलं. शाळेचं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता.

माझा मुलगा स्लॉट रिसीव्हर आहे. बाहेरचा रिसीव्हर (कडेला उभा राहून पास पकडणारा) आणि लाइन (चेंडूपाशी रांगेत उभे राहणारे धिप्पाड गडी) यांच्या मधल्या जागेत उभा राहतो, आडवा-तिडवा पळतो आणि छोटे पास पकडतो. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ६८ किलो. या खेळाच्या मानाने लहानखुराच. पण जुन्या कोचचा खेळ पासिंगचा होता, चार-चार रिसीव्हर मैदानभर पसरून. त्यात अशा चपळ मुलाला जागा होती. मोसमाची सुरुवात त्याने जेव्हीत, म्हणजे शाळेच्या दुय्यम संघात केली आणि शेवटचे पाच सामने व्हर्सिटीत, म्हणजे मुख्य संघात खेळला. संघाने दहापैकी सात सामने जिंकले, प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत हरला.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सोमवारी सकाळी सातला सगळ्या मुलांना फिल्म रूममध्ये (सामन्यांचे व्हिडिओ बघायची खोली) बोलावलं. हेड कोचनी जात असल्याचं सांगितलं. "आई, ते अकरा मिनिटं बोलले," एवढंच मुलगा मला म्हणाला. त्याने घड्याळ बघून मोजली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तो गाडीतून उतरलाच नाही. गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडं टाकून बसून राहिला. मनगटावर बांधायची पट्टी असते, तिच्यात प्लास्टिकखाली चाली छापलेला कागद असतो, अगदी बारीक अक्षरात. तो कागद त्याने काढून पाकिटात ठेवलाय. अजून तिथेच आहे.

टेक्सासात कोच हा शाळेचा पूर्णवेळ नोकरदार असावा लागतो, त्यामुळे बहुतेक कोच शिकवतातही. याच्या रिसीव्हर कोचकडेच याचा इतिहासाचा तास आहे. तेही जूनमध्ये हेड कोचच्या पाठोपाठ जाणार. म्हणजे संघातला आधार आणि वर्गातला आधार एकदमच सुटणार. शाळेकडून पालकांना चार ओळींची ईमेल आली, ती पण मुलांना कळल्यावर दोन दिवसांनी. याचं मला फार वाईट वाटलं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं आहेत, त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलायला हवं होतं.

नवे कोच पूर्व टेक्सासातल्या लहान गावातून येताहेत. त्यांचा खेळ स्लॉट-टी. नावात स्लॉट असलं तरी आमच्या स्लॉट रिसीव्हरसाठी त्यात जागा नाही. लाइनमन पायाला पाय लावून दाटीने उभे, मागे तीन पळणारे गडी, आणि चेंडू हातात घेऊन सतत घुसायचं. पास क्वचितच.

त्यात पुढच्या वर्षीचा संघ कसा असेल तेही कळत नाही. दोन्हीकडचे मिळून बावीस मुख्य खेळाडू धरले तर त्यातले चौदा बारावी होऊन बाहेर पडताहेत. आमच्या शाळेच्या हद्दीचा एक तुकडा नव्या शाळेकडे जातोय. आणि फेब्रुवारीत यूआयएलची (टेक्सासातले शालेय खेळ चालवणारी संस्था) नवी गटवारी येईल, तेव्हा कुणाशी खेळायचं हेच बदलेल.

जवळच्या दुसऱ्या शाळेत पासिंगचा खेळ आहे. मुलाच्या मित्राचे वडील म्हणतात, अपार्टमेंट भाड्याने घ्या आणि हलवा. नवऱ्याला ते पटत नाही, मला कळत नाही, आणि मुलगा काहीच बोलत नाही. माझे वडील सांगलीचे, तालमीत वाढलेले. फोनवर म्हणाले, "वस्ताद बदलला म्हणून तालीम सोडत नाहीत. पण नव्या वस्तादानं पोराला ओळखलंय का, ते आधी बघ." ते कसं बघायचं तेच मला विचारायचं आहे.

ऑस्टिनवासी

ताई, आधी एक गोष्ट विचारा स्वतःला. मुलाला कॉलेजात खेळायचंय का? तसं नसेल तर हे वर्ष एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि एसएटीचं (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) आहे. खेळ दोन वर्षांनी संपतो, मार्क राहतात. थोडं स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.

कृष्णाकाठ

राग नाही. पण आमच्याकडे उलट आहे. इथे १९८४ पासून ‘नो पास, नो प्ले’ कायदा आहे, विषयात ७० च्या खाली गेलं की खेळणं बंद. मोसम चालू असताना हा रात्री साडेनऊपर्यंत गृहपाठ संपवतो, मोसम संपला की अकरा वाजतात. कॉलेजचं म्हणाल तर त्याला डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळातली तिसरी पातळी) एखाद्या चांगल्या शिक्षणसंस्थेत खेळायला आवडेल. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण मला आज त्याची उद्याची काळजी कमी आहे. तो जेवताना बोलत नाही, ती जास्त आहे.

केटीकर

ताई, आम्ही ह्यूस्टनकडे यातून गेलोय, म्हणून घाईने लिहितोय. भाड्याच्या अपार्टमेंटचा सल्ला कृपया ऐकू नका.

शाळा बदलली की पीएपीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात आधीच्या शाळेचंही म्हणणं घेतात. बदल खेळासाठी केलाय असं ठरलं तर एक कॅलेंडर वर्ष व्हर्सिटी बंद, फक्त जेव्हीत खेळायचं. आता हिशोब करा. या जानेवारीत हलवलं तर बंदी पुढच्या जानेवारीपर्यंत, आणि ऑगस्टमध्ये हलवलं तर त्याच्या पुढच्या ऑगस्टपर्यंत. दोन्हीकडून अकरावीचा अख्खा मोसम गेला. आणि निर्णय घेणारी समिती कुणाची, तर त्याच गटातल्या शाळांच्या प्रतिनिधींची. ज्यांच्याशी शुक्रवारी खेळायचं तेच मत देणार. तुमचा मुलगा चांगला पळतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आम्ही घर खरंच बदललं होतं, धाकटीच्या शाळेसाठी, तरी सहा आठवडे जीव टांगणीला होता. ते सहा आठवडे मुलगा सराव करायचा आणि शुक्रवारी जर्सी न घालता बाजूला उभा राहायचा. ते दृश्य मला आजही आठवतं. खोटा पत्ता किंवा नावापुरतं भाड्याचं घर यात तर पडूच नका. पकडलं गेलं तर संघाचे जिंकलेले सामनेही जातात आणि मुलाला वर्गात तोंड दाखवणं अवघड होतं.

फळ्यावरचा_खडू

मी डॅलसजवळ हायस्कूलला गणित शिकवतो. शुक्रवारी आमच्या संघाची आकडेवारी लिहायला प्रेस बॉक्समध्ये असतो, म्हणून थोडं लिहितो.

कोच बदलला की संघ बुडतो असं नाही, आणि मोठं नाव आणलं की टिकतो असंही नाही. तुमच्या शेजारचंच बघा. ॲलनने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन राज्य विजेतेपदं घेतली, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला कायलर मरे तिथलाच. पुढे २०२१ साठी त्यांनी कॉलेज फुटबॉलमधलं मोठं नाव, चॅड मॉरिस, हेड कोच म्हणून आणलं. एका मोसमानंतर ते गेले आणि २०२२ ला पुन्हा नवा कोच. आता फोर्ट वर्थच्या पश्चिमेचं अलेडो घ्या. तिथे टिम ब्यूकॅनन बाजूला झाले तेव्हा त्यांचेच सहाय्यक स्टीव्ह वुड यांच्याकडे संघ आला. त्यांच्या काळात २०१४, २०१६ आणि २०१८ ला विजेतेपद. मग ब्यूकॅनन परत आले, तरी जिंकणं चालूच. माणूस बदलला पण मुलांना सातवीपासून शिकवलेली भाषा बदलली नाही. तुमच्याकडे मात्र भाषाच बदलतेय. म्हणून पहिलं वर्ष जड जाईल, ते मनात धरूनच चला.

पण स्लॉट-टीला घाबरू नका. ऑस्टिनच्या उत्तरेला लिबर्टी हिलने कित्येक वर्षं याच खेळावर मोठमोठ्या संघांना दमवलं. आणि जिथे चौदा मुख्य खेळाडू बाहेर पडताहेत तिथे हा खेळ आणायला कारण असतं. पासिंगसाठी तयार क्वार्टरबॅक (पास फेकणारा, चाल चालवणारा गडी) लागतो आणि त्याला दोन-तीन वर्षं घडवावं लागतं. घुसण्याच्या खेळात लाइनने एकमेकांच्या तालावर हलायला शिकलं की लहान संघही उभा राहतो. चेंडू आपल्याकडेच ठेवायचा, घड्याळ पळवायचं, समोरच्याचा चांगला क्वार्टरबॅक बाकावर बसवून ठेवायचा.

तुमच्या मुलासाठी त्यात विंगबॅक आहे. बाजूने धावत येतो, चेंडू घेतो किंवा घेतल्याचं नाटक करतो. वेग आणि वेळ साधणं हेच त्याचं काम, जे स्लॉटला येतं. फरक एकच, दर दुसऱ्या चालीत त्याला ब्लॉक करावा लागेल, म्हणजे अंगाने अडवावं लागेल, आपल्यापेक्षा वीस किलोने जड गड्याला. ते त्याला आवडतं का, हा प्रश्न आहे. नाहीतर बचावात सेफ्टी किंवा कॉर्नर, म्हणजे समोरच्यांचे पास अडवणाऱ्या जागा. पास पकडणाऱ्याच्या मनात काय आहे हे रिसीव्हरइतकं कुणाला कळणार? पासिंगची हौस उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये (सात-सात जणांचा, फक्त पासचा खेळ) भागवता येईल. त्याची राज्य स्पर्धा जूनमध्ये कॉलेज स्टेशनला असते.

गटवारीची चिंता आत्ता करू नका. ती दर दोन वर्षांनी पटसंख्येवर होते. नव्या शाळेमुळे तुमचा पट घटला आणि खालच्या वर्गात आलात तर प्लेऑफचा रस्ता सोपाही होऊ शकतो. गटातले पहिले चार पुढे जातात. फ्रिस्कोने बारा हायस्कुलं काढली ती प्रत्येक शाळा आटोपशीर राहावी म्हणूनच. त्यात संघ विभागले जातात हे खरं, पण एका मोठ्या शाळेत जो मुलगा चौथ्या फळीत बसला असता तो इथे मैदानात उतरतो.

आता तुमचा खरा प्रश्न. कोचने मुलाला ओळखलंय का हे बघायचं तर मुलालाच भेटायला पाठवा, तुम्ही नंतर जा. त्याने दोनच गोष्टी विचाराव्यात. ‘माझी फिल्म पाहिलीत का?’ आणि ‘मी तुमच्या संघात कुठे उभा राहीन?’ पाहिली असेल तर कोच एखादी चाल आठवून सांगेल. न सांगता नुसतं ‘मेहनत कर’ म्हणाला तर समजायचं की अजून पाहिलेली नाही. मग स्प्रिंग प्रॅक्टिसपर्यंत थांबा. ५ए आणि ६ए शाळांना (पटसंख्येने सगळ्यात मोठे दोन वर्ग) वसंतात अठरा सराव मिळतात, नवा कोच मुलं पारखतो ती तिथेच. त्याआधी कुठलाही निर्णय नको.

मिरज_जंक्शन

कृष्णाकाठताई, खेळातलं मला काही कळत नाही, पण तो पाकिटातला कागद वाचून थांबले. माझ्या मुलीचे तबल्याचे गुरुजी अचानक गाव सोडून गेले तेव्हा ती चार महिने तबल्याला शिवली नव्हती. आम्ही लगेच दुसरा क्लास लावला, ती चूक झाली. तिला गुरुजींना एकदा भेटून यायचं होतं, एवढंच. तुमच्या मुलाला जुन्या सरांना निरोप द्यायला मिळाला का?

कृष्णाकाठ

नाही हो, मिळाला नाही. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्रीच विचारते त्याला. केटीकर, तुमचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, अपार्टमेंटचा विषय आमच्याकडून संपला. खडू सर, तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार.

कृष्णाकाठ

सोळा दिवसांनी लिहितेय.

इतिहासाच्या सरांशी तो तासानंतर बोलला. त्यांनी हेड कोचना फोन लावून दिला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. त्या रात्री दोनदा भाजी मागून घेतली.

मग नव्या कोचना भेटला. आधी एकटा, चार दिवसांनी आम्ही दोघं. विचारायची वेळच आली नाही. त्यांनी लॅपटॉप फिरवून ऑक्टोबरमधली एक चाल दाखवली. तिच्यात चेंडू याच्याकडे नव्हताच. दुसरा गडी चेंडू घेऊन पळत होता आणि हा पलीकडून येऊन एका लाइनबॅकरला (बचावातला दणकट गडी) आडवा झाला होता. स्वतः पडला, पण तोही पडला. "रिसीव्हर असं सहसा करत नाहीत," कोच म्हणाले. त्या चालीसाठी आतापर्यंत याला कुणी काही म्हटलं नव्हतं, अगदी जुन्या कोचनीसुद्धा. मी मुलाकडे पाहिलं, तो स्क्रीनकडे बघत होता.

विंगबॅक आणि सेफ्टी, दोन्हीकडे बघू म्हणालेत. जागा पक्की असं काही सांगितलेलं नाही, स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये ठरेल. पुढच्या मोसमात चार-पाच सामने हरू, पालकांनी तयारी ठेवा, असंही त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं. शाळा बदलत नाही आहोत. सकाळी पावणेसहाला वेट रूमला सोडायला जाते.

आता एक नवीन मदत हवी आहे. ऑगस्टपर्यंत पाच किलो वजन वाढवायला सांगितलंय, पोट न सुटता. मुलगा अंडी आणि दूध घेतो, मांसाहार करत नाही आणि पावडरी मला द्यायच्या नाहीत. सध्या सकाळी चार अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू, डब्यात पनीरचे पराठे, संध्याकाळी उसळ-भात असं चाललंय. दुपारी तीन ते सहा सरावात काही खाता येत नाही आणि घरी येतो तेव्हा भूक मरून गेलेली असते. शाकाहारी मुलांना हा खेळ खेळवलेल्या आयांनो, त्या वेळेला तुम्ही काय देत होतात?