लसीच्या दिवशी आईलाही विचारा

प्रतापनगरची मावशी: वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत बाळंतिणीचं खूप करतात. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालिश. पण ती सारखी रडते, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, तेव्हा ऐकायला काय मिळतं? "रडू नकोस, दूध आटेल." सुरुवातीचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बाळाच्या दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींना आई जातेच. तिथेच तिला या नैराश्याची चाचपणी करणाऱ्या एडिंबरो प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारावेत. १९८७ पासून ती वापरात आहे.

दांडियाबाजारकर: मला पटत नाही. शेजारी सासू उभी असताना कोण खरं सांगेल? शिवाय दमलेली प्रत्येक बाई पेशंट ठरेल. माझी लेक माहेरी राहिली, रात्रीचं बाळ आम्ही सांभाळलं, ती झोपली, सावरली.

प्रतापनगरची मावशी: सासूबाईंना बाहेर बसवता येतं. आणि प्रश्नावली निदान करत नाही, कुणाशी सविस्तर बोलायचं ते कळतं एवढंच. तुमच्या लेकीला झोपेनं बरं वाटलं, छानच झालं. पण शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे "हो" आलं तर माहेरपणावर सोडून कसं चालेल? त्याच दिवशी डॉक्टर हवा.

नवा बाबा, मांजलपूर: गोळ्या दुधातून बाळाला जातील ना? आमच्याकडे त्यावरूनच अडलंय.

वॉर्डातली सिस्टर: सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं, अंगावर पाजणाऱ्या आयांना डॉक्टर ते देतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, थायरॉइड बिघडलं तरी असंच वाटतं. त्रास सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानंही भागतं. सुरू केलेली गोळी मात्र मनानं बंद करायची नाही. सयाजी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

दांडियाबाजारकर: भरल्या घरात ती फोन कुठे जाऊन करणार? औषधाला माझा विरोध नाही, लसीच्या रांगेला आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करते. तिलाच हे दहा प्रश्न शिकवा. तिच्याशी बाई मोकळी बोलेल.

प्रतापनगरची मावशी: शिकवा, जरूर शिकवा. पण आमच्या सोसायटीत आशाताई येत नाही. इथल्या मुलींना कोण विचारणार?