एलईडी बसवल्यावर प्रवाळ पांढरे पडू लागले: प्रकाश किती ठेवावा?

प्रश्न

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली तीन वर्षे ७५ गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो आहे. टी-५ फ्लुरोसंट नळ्यांखाली प्रवाळ उत्तम वाढत होते. मागच्या महिन्यात त्या काढून एलईडीचे दोन दिवे बसवले. निळा प्रकाश डोळ्यांना अंधूक वाटला, म्हणून निळ्याची तीव्रता थेट शंभर टक्के केली आणि दिवे रोज १२ तास चालू ठेवले. आठव्या दिवशी वरच्या खडकावरील अ‍ॅक्रोपोराच्या (फांद्यांसारखा वाढणारा दगडी प्रवाळ) फांद्या वरच्या अंगाने पांढऱ्या झालेल्या दिसल्या. त्याच फांद्यांचे खालचे, सावलीतले अंग मात्र तपकिरीच आहे. पूर्वी मुठीएवढा फुलणारा हॅमर कोरल (हातोडीसारख्या टोकांच्या शुंडकांचा प्रवाळ) आता दिवसभर सांगाड्यात आकसून बसतो. क्षारता ८.५ डीकेएच (क्षारतेचे एकक) आणि तापमान २५.५ अंश सेल्सिअस असून दोन्ही स्थिर आहेत. प्रवाळ खाली हलवावेत की दिवे कमी करावेत?

प्रतिसाद १

अ‍ॅक्रोपोराचे वाढते टोक मुळातच फिकट असते, कारण तिथल्या नव्या ऊतींत प्रवाळाला रंग देणारे शैवाल अजून विरळ असते. त्यामुळे केवळ टोके पांढरी असती तर मी काळजी केली नसती. परंतु एकाच फांदीचे उजेडातले अंग पांढरे आणि सावलीतले तपकिरी असेल, तर दोष पाण्यापेक्षा प्रकाशाकडेच बोट दाखवतो.

प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवते. पेलवेल त्यापेक्षा जास्त प्रकाश मिळाला की त्याच प्रक्रियेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकू लागतो, म्हणून तो पांढरा पडतो. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. ४५० नॅनोमीटरचा निळा त्याला मंद भासतो, आणि शैवाल नेमका तोच भरभरून शोषते. म्हणजे तुम्हाला टाकी अंधारी वाटत होती तेव्हा प्रवाळ भर उन्हात उभे होते.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, लक्समीटरवरही नाही, कारण तोही मानवी डोळ्याच्याच मापाने मोजतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश (पार), मोजणारा पार मीटर काही दुकाने आणि हौशी मंडळे भाड्याने देतात. सॉफ्ट कोरलला (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ) साधारण ५० ते १५०, हॅमरसारख्यांना ८० ते १५० आणि अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५० पार पुरेसे होतात. प्रवाळ हलवू नका, कारण जागा बदलली की पाण्याचा प्रवाहही बदलतो. तीव्रता आजच निम्म्यावर आणा, पूर्ण प्रकाशाचा काळ आठ तासांवर ठेवा आणि रंग परतल्यावर दर आठवड्याला पाच टक्क्यांहून अधिक वाढवू नका.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मालवणला पाण्यात उतरतो तेव्हा गढूळ, मंद प्रकाशातही तग धरून असलेले प्रवाळ मी पाहतो. कमी प्रकाशाला सरावलेल्या जिवाला एकाएकी तीव्र प्रकाश दिला तर तो भाजून निघणारच. भारतातील वाचकांनी मात्र हे केवळ माहिती म्हणून वाचावे, कारण आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि ते घरी आणता येत नाहीत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पार मीटर भाड्याने आणला. शंभर टक्क्यांवर वरच्या खडकापाशी ५२० आणि हॅमरपाशी २६० आकडा आला, तेव्हा मी स्वतःच हादरलो. आता तीव्रता ४५ टक्के ठेवली आहे; वर २३५ आणि खाली ११५ भरतो. दिव्याच्या काचेवर मिठाचा पातळ थर साचला होता. तो पुसल्यावरचे हे आकडे आहेत. बारा दिवसांनी आज सकाळी हॅमरचे दोन मुखांभोवतीचे शुंडक पूर्ण बाहेर आले. अ‍ॅक्रोपोराच्या पांढऱ्या भागावर ऊती शाबूत आहेत, पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) रात्री उघडतात, परंतु रंग अद्याप परतलेला नाही. तो येईपर्यंत मी तीव्रतेला हात लावणार नाही.