सेन्सर सरकवून काढलेला ४० मेगापिक्सेलचा फोटो खरा की फुगवलेला?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या जुन्या घरात रविवर्मा छापखान्याची ओलिओग्राफं, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं आहेत. त्यातल्या लक्ष्मीच्या साडीवर आणि दागिन्यांवर पणजीने स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या लावलेल्या आहेत. घर रिकामं करायचं ठरलंय, चित्रं भावंडांत वाटली जातील. त्याआधी प्रत्येकाला भिंतीवर लावता येईल अशी चांगली प्रत द्यायची माझी फार इच्छा आहे.

भाच्याचा ऑलिम्पस ई-एम५ मार्क २ आणि ६० मिमी मॅक्रो लेन्स हाताशी आहे. साध्या फोटोत जरीवर आणि लक्ष्मीच्या गालावर हिरवट-जांभळे पट्टे येतात, जे चित्रात नाहीत. कॅमेऱ्यात 'हाय रेस शॉट' आहे. सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) १६ मेगापिक्सेलचा, पण फोटो ४० चा. भाचा म्हणतो तपशील खरा असतो, आमचे ओळखीचे स्टुडिओवाले म्हणतात नुसता फुगवलेला. कुणाचं ऐकू? चित्रं वरच्या मजल्यावर आहेत, जमीन लाकडी फळ्यांची.

सूरसागरकाठ

दादा, भाच्याचं ऐका. जुनी चित्रं आणि वस्त्रं यांचे फोटो काढणं हेच माझं काम आहे, तेही बडोद्यातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते पट्टे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा फिल्टर असतो. चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, १९७६ चं पेटंट. म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. भिंत, आकाश, चेहरा यांना हा अंदाज पुरतो. पण ओलिओग्राफ म्हणजे शिळाछाप. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि गालावरची छटा म्हणजे बारीक बारीक ठिपके. ठिपका पिक्सेलएवढा झाला की अंदाज कोसळतो आणि नसलेले रंग दिसू लागतात. जरीच्या तारेचंही तेच.

आता हाय रेस. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून या कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारी यंत्रणा आहेच, तीच इथे मुद्दाम वापरली जाते. एक फोटो काढून सेन्सर बरोबर एक पिक्सेल सरकतो, पुन्हा फोटो, असे चार. चित्रातला प्रत्येक बिंदू आता लाल, निळ्या आणि दोनदा हिरव्या फिल्टरखालून गेला. रंगाचा अंदाज संपला, सगळं मोजलेलं. मग सेन्सर अर्धा पिक्सेल सरकतो आणि आणखी चार फोटो. हे नवे नमुने आधीच्या नमुन्यांच्या मधल्या जागेतले, म्हणून तपशील वाढतो. २०१५ मध्येच आलेल्या पेंटॅक्स के-३ II या कॅमेऱ्यात फक्त पहिला भाग होता. २४ मेगापिक्सेलचे २४ च राहत, तरी कापडाची वीण केवढी स्वच्छ दिसायची! माझ्या मते तुमच्या कामात मोठी कमाई तीच आहे, खऱ्या रंगाची. आकार दुय्यम.

तुमचं चित्र २० इंच रुंद धरलं तर साध्या फोटोत इंचाला साधारण २३० पिक्सेल मिळतील, हाय रेसमध्ये ३६५ च्या आसपास. मूळ आकाराच्या छपाईला उत्तम.

पण लाकडी जमिनीवर हे करू नका! या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम पावणेचार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे, अर्धा म्हणजे दोनहूनही कमी. आठ फोटो होईपर्यंत चित्र आणि कॅमेरा एकमेकांच्या संदर्भात तेवढेही हलायला नकोत. शेजारच्या खोलीत कुणी चाललं तरी जिथे फळ्या हलतात, तिथे काम होणार नाही. तळमजल्यावर फरशीवर करा, पंखा बंद, ट्रायपॉडची मधली दांडी खाली, आणि रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर. कॅमेरा चित्रापासून साधारण दोन मीटरवर येईल. मेन्यूत काही सेकंदांचा विलंब ठेवा, म्हणजे बटण दाबल्याचा हादराही शमतो.

ताराप्रेमी

वरच्या उत्तराला जोड. अवकाशाच्या फोटोंत ही युक्ती बरीच आधी आली. १९९५ च्या हबल डीप फील्डसाठी दुर्बीण दर वेळी किंचित सरकवून फोटो घेतले होते आणि फ्रुक्टर व हुक यांच्या 'ड्रिझल' पद्धतीने ते एकत्र केले. त्यामुळे 'फुगवलेलं' म्हणणं चूकच. २०१८ च्या पिक्सेल ३ फोनमध्ये गूगलने तर हाताच्या थरथरीचाच उपयोग केला.

फोटोवाला_राजमहाल_रोड

एवढा खटाटोप कशाला? जवळ जाऊन चार तुकड्यांत फोटो काढा, सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

सूरसागरकाठ

तुकडे जोडणं चांगली पद्धत आहे, मोठ्या कापडी पडद्यांना मीही वापरते. जवळ गेल्यावर एका ठिपक्यामागे पिक्सेल वाढतात, त्यामुळे खोटे रंगही घटतात. पण दर तुकड्याला कॅमेरा किंवा चित्र हलवावं लागतं, आणि जरीवरची चमक कोनाबरोबर बदलते. जोडावर एकाच पदराची जर दोन तऱ्हेची दिसते. पणजीचं काम त्या जरीतच आहे, म्हणून इथे मी एकाच जागेवरून हाय रेस घेईन.

दांडियाबाजारकर

ताई, खूप आभार. खालच्या खोलीत फरशी आहे, तिथे लावतो. दिवे एलईडी चालतील का? आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, किती ठेवू? चित्र काचेच्या फ्रेममध्ये आहे, काच काढू का?

सूरसागरकाठ

काच स्वतः काढू नका. जुना छापील रंग कधीकधी काचेला चिकटलेला असतो, ओढला की निघून येतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, खोलीत बाकी अंधार, कॅमेऱ्यामागे काळं कापड, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

साधे एलईडी विजेबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतात, आणि हाय रेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर (सेन्सर ओळीओळीने वाचणारं) असल्याने फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. शटर १/१० किंवा १/५ सेकंद ठेवा, लुकलुक समान वाटली जाते. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २००. अ‍ॅपर्चर एफ/४ ते एफ/५.६. आकडा वाढला की भोक लहान होतं आणि प्रकाश पसरतो. एफ/८ ला प्रकाशाचा ठिपकाच दहा मायक्रॉनवर पसरतो, मग अर्ध्या पिक्सेलने सरकून काय हाती लागणार? त्यापुढे हा मोड जाऊही देत नाही.

आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू ठेवा. ऑलिम्पसच्या मोठ्या रॉ फाइलसोबत (नावाच्या शेवटी ओआरएफ) एक ओआरआय फाइल मिळते, तो पहिला एकटा १६ मेगापिक्सेलचा फोटो. दुसऱ्या फोल्डरमध्ये तिची प्रत घेऊन नावाची शेवटची अक्षरं ओआरएफ करा, म्हणजे उघडेल. दोन्ही शेजारी लावून लक्ष्मीचा गाल बघा, आणि स्टुडिओवाल्यांनाही दाखवा. कडांवर जाळीसारखी नक्षी दिसली तर काहीतरी हललंय, तो फोटो पुन्हा घ्या.