मदत हवी आहे: पासिंग झालेल्या टेम्पोचे ब्रेक उघडून कोण तपासेल?

टेम्पो 9 वर्षांचा, म्हणजे फिटनेस तपासणी (पासिंग) दरवर्षी. रोलरवर ब्रेकचा जोर मोजतात, पण तो त्या दिवसापुरता आणि ब्रेक थंड असताना. ड्रम उघडत नाहीत, त्यामुळे लायनिंग (ड्रमला आतून घासणारा थर) रिव्हेटपर्यंत झिजलंय का, ते दाबणारा व्हील सिलिंडर पाझरतोय का, काही कळत नाही. ब्रेक ऑइलचं तर विचारूच नका. डॉट 3 प्रतीच्या ऑइलची उकळण्याची किमान मर्यादा कोरडं असताना 205 अंश, 3.7 टक्के पाणी मुरलं की 140. मग गायमुख घाटात माल भरून उतरताना ऑइल उकळून वाफ धरली की पेडल सरळ खाली.

ठाण्यात किंवा तुर्भ्याकडे मागचे ड्रम काढून लायनिंग मोजणारं, ऑइलमधलं पाणी मीटरने बघणारं गॅरेज कोणाला माहीत आहे का? मजुरी साधारण किती? नुसतं पेडल दाबून ‘ओके आहे’ म्हणणारे नकोत.